खालचा माणूस

२ सप्टेंबर, सोमवार

लाल पट्टी! सकाळी बाबांना टीव्ही लावून द्यायला गेले, तर त्यांच्या गेमच्या चित्रावर, वरच्या कोपऱ्यात, बोटभर लाल पट्टी. 'लवकरच जाणार.' आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरात – ३० सप्टेंबरपर्यंत उपलब्ध.

बाबा तेव्हा चष्मा पुसत होते म्हणून बरं. पटकन बटण दाबून गेम चालू करून दिला आणि चपला घालून सटकले.

दिवसभर दातांच्या लॅबमध्ये लक्ष नाही. एका कवळीचे दात मेणात बसवताना उजवा सुळा डावीकडे लावला. शेजारच्या टेबलावरच्या सिरॅमिकवालीने उचलून उजेडात धरला जबडा. म्हणाली, "हे माणसाचं आहे की मांजराचं?" हसले मीपण. सुळा काढून परत लावला.

३ सप्टेंबर, मंगळवार

लिहून काढते, म्हणजे डोकं जरा थाऱ्यावर येईल.

आई गेल्यावर बाबा खुर्ची भिंतीकडे वळवून बसायचे. खिडकीकडे पाठ! खिडकीतून लांबवर गोदीच्या क्रेन दिसतात, सगळा जन्म त्यातल्या एकीत गेला त्यांचा, आणि हा माणूस भिंतीचा रंग बघत बसलेला. जेवलात का? हं. झोप लागली का? हं. फिरून येऊ या का? – 'हं'सुद्धा नाही. मी आपली एकटीच बोलत सुटायचे, रेडिओसारखी. मग मीही थकले.

तेव्हा दादाने परदेशातून तो खेळाचा डबा पाठवला. टीव्हीला जोडायचा, महिन्याचं सबस्क्रिप्शन त्याच्या नावावर, आणि उघडलं की शेकडो गेम. बाबांना सांगितलं डबा मी आणला, पैसे मी भरते. खोटं बोलले. खरं सांगितलं असतं तर डबा उंबऱ्याबाहेर गेला असता. आई गेली तेव्हा दादा आठवड्याने पोचला. विमान, रजा, साहेब – कारणं सगळी खरी होती. बाबा दारातच म्हणाले, "आता कशाला आलास?" बस, तेवढंच. तेव्हापासून बापलेकात शब्द नाही. दोघं माझ्याशी बोलतात, म्हणजे एक बोलतो आणि एक हं म्हणतो.

पहिले काही दिवस बाबांनी एकेक गेम चाखून पाहिला. गाड्यांच्या शर्यतीत गरगरायला लागलं. बंदुकीचा लावला तर म्हणाले, "या वयात माणसं मारायला लावतेस?" मग यादीत पार तळाशी हा निघाला. धुकं, थंड समुद्र, एक बंदर, एक क्रेन. जहाज लागतं, पेट्या उतरवायच्या. वर केबिनमध्ये आपण, खाली धक्क्यावर हेल्मेट घातलेला एक माणूस, तो हाताने खुणा करतो – उचल, थांब, डावीकडे, हळू. बस! पळापळ नाही, कोणी मरत नाही, आकडे उडत नाहीत. मला दहा मिनिटांत जांभया यायला लागल्या.

बाबा ओरडले, "अरे अरे अरे – हळू! पाणी लागेल त्याला!"

कित्येक महिन्यांत बाबांनी बोललेलं पहिलं अख्खं वाक्य. ते एका खोट्या पेटीसाठी होतं! मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि ढसाढसा रडले.

आता हा गेम जाणार. आणि खुर्ची पुन्हा भिंतीकडे वळणार. मला दुसरं काही सुचत नाहीये.

५ सप्टेंबर, गुरुवार

दादाशी फोनवर वाजलं.

मी म्हटलं, बाबांचा गेम काढून टाकतायत. त्याची नेहमीची टेप सुरू – "ठमे, एक गेला तर दहा येतात. दर महिन्याला नवीन. एकेक विकत घेत बसलो असतो तर बाबांनी हा गेम जन्मात पाहिला असता का? दुकानात जाऊन क्रेनचा गेम द्या म्हणाली असतीस तू?"

नसते म्हणाले. हेच तर! चाखायला मिळालं म्हणून सापडला. सापडला म्हणून जीव लागला. आणि जीव लागल्यावर म्हणे – आमच्याकडे आणखी चार आहेत, त्यातला एक निवडा.

"वाचनालयात जातेस ना? तिथे पुस्तकं विकत मागतेस?"

"वाचनालयवाला मी शेवटच्या प्रकरणावर असताना घरी येऊन पुस्तक हिसकावत नाही!"

"तूसुद्धा ना..." म्हणाला. फोन ठेवला. कोणी ठेवला आठवत नाही, बहुतेक मीच.

या माणसाला फक्त आपलं खरं करायचं असतं. लहानपणापासून. तेव्हा घरात एकच डिस्क होती, एकच. किल्ल्यातून राजपुत्राला सोडवायचं. दोघं मिळून इतक्यांदा सोडवला की शेवटी राजपुत्रालाच कंटाळा आला असेल. दादा डावखुरा, कंट्रोलर उलटा धरायचा आणि हरला की म्हणायचा, बटणं उजव्यांसाठी बनवलीत! पण त्या किल्ल्याची वीट न् वीट आजही पाठ आहे मला. आता शेकडो किल्ले आहेत. एकाचाही जिना आठवत नाही.

८ सप्टेंबर, रविवार

एक युक्ती केली. लॅबमधली पांढरी चिकटपट्टी आणली, ठशाभोवती गुंडाळतो ती. बाबा अंघोळीला गेले तशी टीव्हीच्या काचेवर, बरोबर त्या लाल पट्टीवर, तुकडा चिकटवला. वरून नखाने घासला.

बाबा बाहेर आले. बघितलं.

"हे काय?"

"तिथे काचेला चरा गेलाय बाबा. वाढू नये म्हणून लावलीय."

"असं होय," म्हणाले. आणि पेट्या उतरवायला बसले.

काय डोकं चाललं माझं! स्वतःवरच खूश होऊन दोन कप चहा प्यायले.

९ सप्टेंबर, सोमवार

गेमची जागा बदलली! यादीत नवीन काहीतरी घुसवलंय, त्यामुळे बाबांचा गेम एक घर उजवीकडे सरकला. लाल पट्टी उघडी, आणि माझी चिकटपट्टी एका घोड्याच्या तोंडावर. दुसरा तुकडा लावला. बाबा म्हणाले, "चरा वाढला वाटतं." मी म्हटलं, हो ना.

१२ सप्टेंबर, गुरुवार

संध्याकाळी बाबा खाली चालायला गेले तेव्हा कंट्रोलर घेऊन बसले. म्हटलं, त्यांच्यासाठी दुसरा गेम शोधू. एक उघडला – शेतीचा. पाच मिनिटं. दुसरा – आगगाडीचा. तो डाउनलोड व्हायलाच इतका वेळ लागला की तोवर तिसरा उघडला. कोडी. मासेमारी. एक विमान उडवायचं होतं, ते उडायच्या आधीच मी उतरले. बाबा परत आले तेव्हा मी यादीच वरखाली करत होते. नुसती यादी! अंगठा दुखायला लागला. खेळले काय? काही नाही. आणि दमले अशी, जशी काही मातीच्या पाट्या वाहून आले.

सिरॅमिकवालीला सांगितलं तर म्हणाली, "आमच्याकडे तोच प्रकार. बुफेला गेल्यासारखे करतात आमचे हे. प्रत्येक भांड्यातलं चमचाभर. घरी आल्यावर विचारतात, भूक लागलीय, काही आहे का?"

मग दातावर रंगाचा हात फिरवता फिरवता म्हणाली, "पण माझा भाचा बघ. त्याच्याकडे एक गेम घ्यायची ऐपत नव्हती, आता सगळे खेळतो. त्याला विचार चांगलं की वाईट. तो तुला वेड्यात काढेल."

तेही खरं. प्रत्येक जण बोलला की त्याचं खरं वाटतं मला. हीच तर माझी बोंब आहे.

लॅबमध्ये मी कधी काम अर्धं टाकत नाही. अर्ध्या कवळीने कोण जेवणार? मेण, ठसा, प्लास्टर, घासणं, पॉलिश – शेवटपर्यंत. आणि घरी आले की ही अशी. हात तेच, माणूस तोच. मग हे काय होतं मला त्या यादीपुढे?

१५ सप्टेंबर, रविवार

आज ठरवून बाबांशेजारी बसले. सुरुवातीपासून. मोबाइल लांब ठेवला.

बाबा खेळत नाहीत, कामावर जातात! नाश्ता झाला की शर्ट बदलतात, केस विंचरतात, नऊला खुर्चीत. जहाज लागलेलं असतं, धुकं असतं. पण लगेच उचलत नाहीत. खालचा दिसेपर्यंत हात कंट्रोलरवर ठेवून बसतात. गोदीत खुणा करणाऱ्याला खालचाच म्हणत. आडनाव, वय काहीही असो, वरच्याच्या लेखी तो खालचा. वरून पेटीखालचं दिसत नाही, त्यामुळे खालच्याच्या हातांवर भरवसा ठेवायचा. बाबांचा नियम होता, खालचा नसेल तर साहेब ओरडला तरी उचलायचं नाही.

खालचा आला. मी त्या दिवशी दहा मिनिटं खेळले तेव्हा पिवळं हेल्मेट होतं त्याचं, बाबांच्या इथे निळं, वर बारीक '२' लिहिलेलं. बाबा पुढच्या पातळीवर पोचलेत, तेव्हा बदलत असेल.

"हा शिकतोय अजून," बाबा म्हणाले. "पहिल्यांदा तर थांब म्हणायच्या जागी उचल म्हणायचा. दोन पेट्या समुद्रात घातल्या माझ्या. आता सुधारलाय."

"असं शिकतो का तो?"

"कान उपटता येत नाहीत म्हणून, नाहीतर आणखी लवकर शिकला असता." आणि हसले! तोंडाने, आवाज करून! "डावखुरा आहे. हळू सोड, ही खूण डाव्या हाताने करतो. वरून उलटी दिसते. आधी मीच गोंधळायचो. आता सवय झाली."

म्हणजे कोण्या प्रोग्रामरने खालच्याला डावखुरासुद्धा केलंय. काय एकेकाची हौस! एवढी मेहनत करून बनवायचं आणि मग तीस तारखेला पुसून टाकायचं. मला इतका राग आला की उठून दादाला फोन लावला – ऐक म्हणावं, बाबा हसतायत, ऐक आणि मग सांग एक गेला तर दहा येतात!

उचलला नाही. या वेळी कधीच उचलत नाही. सकाळी नऊ म्हणजे त्याच्याकडे ऑफिस सुटायची वेळ, आणि तेव्हा म्हणे त्याची मीटिंग असते. रोज मीटिंग! रविवारीसुद्धा! एवढं काय बोलतात देव जाणे. सख्ख्या बापाशी बोलायला मात्र शब्द नाहीत.

१७ सप्टेंबर, मंगळवार

विकत घ्यायचा ठरवला. दादाचं काही ऐकायचं नाही, थेट घ्यायचा. कायमचा. आपला.

मिळत नाही! सुटा विकतच नाहीत. या सबस्क्रिप्शनसाठीच बनवला होता, डिस्क नाही, दुकान नाही. बनवणारी कंपनी चार जणांची होती, ती बंद पडली. तीस तारखेनंतर तो कुठेच नसणार. जगात कुठेच! एखादं पुस्तक छापणं बंद झालं तर निदान जुन्या बाजारात धुंडाळता येतं. याचं काय धुंडाळू? हवा?

दादाला कळवलं. वाटलं, पुन्हा सुरू होईल त्याचं. तर म्हणाला, "माहीत आहे. मी त्यांना तीनदा लिहिलं. कस्टमर केअरवालीने तीनदा तोच मजकूर पाठवला. त्या कंपनीतल्या एकाचा पत्ता शोधून त्यालाही लिहिलं. तो म्हणाला, माझ्याच हातात नाही."

मी चाट. "तू? तुला काय पडलंय एवढं?"

"बाबांसाठी गं."

"मग एक गेला तर दहा येतात, ते काय होतं?"

तिकडे गाड्यांचे आवाज येत होते. मग म्हणाला, "ते मी मलाच सांगत होतो." आणि घाईघाईने फोन ठेवला. हा माणूस मला या जन्मी कळायचा नाही.

२१ सप्टेंबर, शनिवार

सापडला! क्रेनचा दुसरा गेम. चित्रं याच्यापेक्षा झकपक, पाणी तर खरं वाटतं, क्रेनचे सात प्रकार. उड्या मारत बाबांना दाखवला.

बाबांनी दोन्ही हात मांडीवर ठेवून नीट पाहिला. जहाज आलं, पेट्या दिसल्या, स्क्रीनवर हिरवा बाण आला – इथे ठेवा.

"खालचा कुठाय?"

"यात तो नाही बाबा. बाण आहे ना, बाणाकडे बघून ठेवायचं."

"खाली कोणी नाही?"

"नाही."

"मग मी नाही उचलणार," म्हणाले आणि कंट्रोलर माझ्या हातात दिला. वर मलाच विचारलं, "हा कशाला लावलास? आपला चांगला आहे की."

आपला! तो शब्द ऐकून आतून हलले मी. आपला कुठाय तो बाबा.

२२ सप्टेंबर, रविवार

सकाळी वीज गेली. साडेनऊला आली. तोवर बाबा खुर्चीत बसून राहिले, केस विंचरलेले, शर्ट बदललेला. खुर्ची भिंतीकडे नव्हती, पण मला ती वळलेलीच दिसत होती. वीज आली तेव्हा त्यांचं पहिलं वाक्य – "खालचा थांबलाय की नाही कोण जाणे."

थांबला होता. निळं हेल्मेट, धुक्यात एकटाच उभा. मशीनला कुठे कंटाळा येतो म्हणा.

२५ सप्टेंबर, बुधवार

चोरी पकडली गेली.

नाश्त्याला बसलो होतो. बाबा सफरचंद कापत होते. कापता कापता, मान वर न करता –

"तीस तारखेला बंद होतंय ना?"

घास ताटलीत परत ठेवला. "काय?"

"पट्टी लावायच्या आधी काच तरी पुसायचीस. धुळीने पहिल्याच दिवशी सुटली. मीच रोज दाबून ठेवत होतो, तू यायच्या आत."

म्हणजे मी त्यांच्यापासून लपवत होते आणि ते माझ्यापासून, एकाच चिकटपट्टीने! हसावं की रडावं कळेना. रडायला आलं. मी म्हटलं, बाबा, मी विकत घ्यायचा प्रयत्न केला, मिळतच नाही हो, हे लोक असेच, हातात देतात आणि काढून घेतात, आपलं काहीच ठेवत नाहीत –

"क्रेन तरी कुठे आपली होती, ठमे?" एक फोड माझ्या ताटलीत ठेवली त्यांनी. "निवृत्त झालो त्या दिवशी चावी दिली, बिल्ला दिला, उतरलो. दुसऱ्या दिवशी दुसरा चढला. क्रेनचं वाईट नाही वाटलं मला."

"मग तेव्हा कशाचं वाटलं?"

"खालच्याचं. रोज एकमेकांच्या हातात जीव द्यायचा, आणि एक दिवस मी इकडच्या गेटने, तो तिकडच्या. घर कुठे त्याचं, तेही कधी विचारलं नाही. वर आणि खाली, बोलायची सोयच नव्हती. हातांनीच काय ते." दुसरी फोड. "आता याचीही तीच चिंता आहे."

"बाबा, हा खरा नाही. हा मशीनमधला आहे. त्याला काही होणार नाही."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. लहानपणी मी काहीतरी अगदी खात्रीने चुकीचं सांगितलं की पाहायचे तसं.

"असं होय," म्हणाले. मग, "वर्गणी तूच भरतेस ना?"

"हो."

"बरं."

आणि सुरी धुवायला उठले.

मला वाटलं होतं कळल्यावर ते कोसळतील. उलट मीच दिवसभर भिरभिरतेय. त्यांनी चावी द्यायची तयारी केलीय. मला मात्र कोणाशीतरी भांडायचंय. कोणाशी, तेच कळत नाही. दादाशी भांडावं तर तो आधीच हरल्यासारखा बोलतो.

२८ सप्टेंबर, शनिवार

सिरॅमिकवालीने विचारलं, "मग ठरलं का तुझं? चांगलं की वाईट?"

मी म्हटलं, ज्याला नुसतं चाखायचंय त्याच्यासाठी चांगलं. ज्याला राहायचंय त्याच्यासाठी नाही. आणि आपण कुठले, हे आत गेल्याशिवाय कळत नाही. बोलून गेले आणि मलाच ते पटलं. मग घरी येईपर्यंत पुन्हा पटेनासं झालं. चाखायला मिळालं नसतं तर बाबा अजून भिंतीकडेच तोंड करून असते. त्यांना मिळालं ते खोटं होतं का? संपणार म्हणून खोटं?

दादाला फोन केला, म्हटलं, परवा शेवटचा दिवस. "हं," म्हणाला. हुबेहूब बाबांसारखा! एकाच मापाच्या दोन कवळ्या.

२९ सप्टेंबर, रविवार

आज बाबांनी सगळ्या पेट्या उतरवल्या, एक ठेवली. मुद्दाम. "उद्यासाठी," म्हणाले.

३० सप्टेंबर, सोमवार

अर्धा दिवस रजा टाकली. मालक कुरकुरले, टाकली तरी.

रात्री बारापर्यंत चालणार होता. बाबा म्हणाले, आपण सकाळच्या पाळीचे, सकाळीच आवरायचं. इस्त्रीचा शर्ट. मी शेजारी स्टूल घेऊन बसले. धुकं जरा कमी होतं आज, किंवा मलाच तसं वाटलं. खालचा आधीच येऊन उभा.

एकच पेटी. पण किती वेळ लावला दोघांनी! बाबा बोटभर उचलायचे, थांबायचे. खालचा हात वर करायचा, थांबायचा. कोणालाच घाई नव्हती. पेटी धक्क्याला लागली तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही. "सुधारला," बाबा पुटपुटले. "चांगला तयार झाला."

मग खालच्याने दोन्ही हात पोटाशी आणले आणि एकमेकांत गुंफले.

ती खूण मला माहीत आहे! आमच्या घरात कोणाला माहीत नाही? गोदीत तिचा अर्थ – सगळं जिथल्या तिथे थांबवा, घट्ट बांधा, आज पुरे. बाबांनी ती आईला शिकवली होती. दादा आणि मी त्या एका डिस्कवरून मारामारी करायला लागलो की आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून, तोंडातून शब्द न काढता, अस्से हात गुंफायची. की आम्ही चूप. ती गेल्यापासून कोणी केली नव्हती.

मी स्टुलावरून उठलेच. मशीनमधला माणूस, त्याला काय कळणार! कुठल्यातरी पुस्तकातून उचलली असणार बनवणाऱ्यांनी, सगळ्या गोद्यांत हीच खूण असते. तरीपण.

बाबांनी कंट्रोलर खाली ठेवला. पडद्याकडे बघत स्वतःचे हात पोटाशी गुंफले. त्या निळ्या हेल्मेटला हे दिसणार नव्हतं, तरी. बराच वेळ दोघं तसेच – एक काचेच्या आत, एक बाहेर. मग धुक्यात खालचा नाहीसा झाला, आणि बाबांनी स्वतःच्या हाताने टीव्ही बंद केला. काचेवरची माझी चिकटपट्टी काढली, गोळी केली, खिशात घातली.

"जा आता कामाला," मला म्हणाले. "कवळीवाले उपाशी असतील."

दुपारी घरी फोन केला. उचलला नाही. जीव टांगणीला. तशीच पळत आले, तर झोपले होते. शांत. खुर्ची – मी आधी खुर्चीच पाहिली – खिडकीकडे होती.

१ ऑक्टोबर, मंगळवार

यादीत त्या जागी दुसराच गेम आलाय. बाबांनी टीव्ही लावलाच नाही. पण शर्ट बदलला, केस विंचरले, आणि नऊ वाजता मला म्हणाले, "दादाला फोन लाव."

हातातला कप सांडला. वर्गणीचं कळलं! आता त्याला फाडून खाणार! मी म्हटलं, "या वेळी मीटिंग असते बाबा त्याची."

"आज नसते," म्हणाले.

लावला. पहिल्याच रिंगला उचलला. बाबांनी माझ्या हातातून फोन घेतला, कानाला लावला, घसा खाकरला.

"काय रे खालच्या," म्हणाले, "डावा हात दुखत नाही ना?"